लॅट-लाँगची नोंद कशी ठेवावी? दशांश अंश, अंश-मिनिट-सेकंद, की यूटीएम?

मार्कंडेयकाठ:
बेळगाव, खानापूर, निपाणी भागात विहिरी, बोअर, हद्दीचे दगड, जुनी तळी यांच्या जागा फोनवर टिपायच्या असल्या की पहिला प्रश्न हाच येतो. तीन वह्या एकत्र केल्या तर तीन तऱ्हा दिसतात. बेळगाव शहरातला एकच बिंदू घ्या: १५.८४९७, ७४.४९७७. तोच १५°५०'५८.९", ७४°२९'५१.७". तोच यूटीएममध्ये (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे झोन पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) साधारण ४,४६,२१८ पूर्व आणि १७,५२,३७४ उत्तर. माझं स्पष्ट मत आहे की वहीत फक्त पहिली तऱ्हा असावी. अक्षांशाचा एक रकाना, रेखांशाचा दुसरा, पाच दशांश स्थळं, आणि चिन्ह एकही नाही.

सगळा घोळ चिन्हांनीच होतो. वर्डमधून किंवा आयफोनवरून आलेलं मिनिटाचं सरळ चिन्ह वाकडं अवतरणचिन्ह होऊन बसतं. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात साठवली नाही तर अंशाच्या गोळीजागी भलतंच अक्षर उमटतं. 'उ' आणि 'पू' सॉफ्टवेअरला कळत नाहीत, त्याला इंग्रजी एन आणि ई लागतात. अंकांचंही तेच. इथे मी देवनागरी अंक लिहितोय, पण तक्त्यात देवनागरी किंवा कन्नड अंक टंकले तर ते संख्या न राहता मजकूर होऊन बसायची भीती असते.

पाचच स्थळं का? पाचव्या स्थळाची किंमत साधारण १.१ मीटर. उघड्या माळावर चांगल्या फोनची चूक ३ ते ५ मीटर, झाडाखाली त्याहून जास्त. ॲपने आठ स्थळं दाखवली म्हणून जागा अचूक होत नाही.

मोजणीदार:
विहीर कुठं आहे एवढंच दाखवायचं असेल तर चालेल. जमिनीला हात घालायचा असेल तर अंश काय कामाचे? यूटीएम मीटरमध्ये असतं. दोन दगडांमधलं अंतर वजाबाकी करून, पायथागोरसने कागदावर निघतं. सेकंदांत ते निघत नाही, कारण आपल्या अक्षांशावर एक सेकंद उत्तर-दक्षिण ३०.७ मीटर भरतो आणि पूर्व-पश्चिम २९.७.

क्षेत्रफळात तर फार मोठी चूक होते. क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहाचं चित्र मागे लावलं की बऱ्याचदा प्रोजेक्ट वेब मर्केटरमध्ये जातो. हे ऑनलाइन नकाशांचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची रीत; तिचा ईपीएसजी क्रमांक ३८५७. त्यातच शेताचा बहुभुज काढून साठवला आणि फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये भूमितीचं साधं क्षेत्रफळ काढलं, तर ४० गुंठ्यांचा एकर ४३ गुंठ्यांच्या वर दिसतो. आपल्या अक्षांशावर ते प्रक्षेपण क्षेत्रफळ आठ टक्क्यांहून जास्त फुगवतं. तीन गुंठ्यांवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, म्हणून सांगतोय. लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम झोन ४३ मध्ये, निर्यात करा, मगच क्षेत्रफळ काढा. तिथं राहणारी चूक एकराला तीनेक चौरस मीटर.

खानापूरकर:
३२६४३ चं बरोबर, पण यूटीएम नोंदवहीत नको. झोन लिहायचा राहिला की सगळं गेलं. वरचेच यूटीएमचे आकडे झोन ४३ ऐवजी ४४ म्हणून उघडले तर बिंदू सहा अंश पूर्वेला, आंध्रच्या किनाऱ्यावर बापटल्याजवळ पडतो. आकडे दिसायला अगदी योग्य, त्यामुळे वहीत कुणाला शंका येणार नाही.

आणि अक्षराचा गोंधळ वेगळाच. गूगल अर्थ प्रो मध्ये टूल्स, ऑप्शन्स, थ्रीडी व्ह्यू इथं यूटीएम निवडलं तर बेळगावला ४३ पी दिसतं आणि निपाणी-चिकोडीला ४३ क्यू. झोन बदललेला नसतो. १६ अंश अक्षांशाची रेषा आपल्या जिल्ह्यातून जाते, तिथे आठ अंशांच्या आडव्या अक्षांश-पट्ट्याचं अक्षर बदलतं, इतकंच. आता ईपीएसजी ३२६४३ च्या नावातलं '४३ एन' बघा. तो एन म्हणजे उत्तर गोलार्ध. पट्ट्यांच्या अक्षरांत मात्र एन म्हणजे विषुववृत्त ते ८ अंश. ही दोन अक्षरं एका वहीत आली की नवशिक्यानं काय समजायचं?

जुना नकाशा:
तुम्ही दोघंही अंश-मिनिट-सेकंद मोडीत काढताय, पण जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे छापील नकाशे, त्यातच आहेत. बेळगावचं ४८ आय, निपाणीचं ४७ एल. शीटच्या कडेवर मिनिटं छापलेली असतात. शीटवरून वाचलेला आकडा तसाच्या तसा उतरवावा. रूपांतर करून मूळ फेकलं तर चूक कुठं झाली ते शोधायला वाटच उरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश मोजायचा पाया. जुनी शीटं एव्हरेस्ट डेटमवर आहेत, फोन डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर. आकडे तसेच टाकले तर आपल्याकडे शंभर ते दोनशे मीटरचा फरक पडतो. विहीर शेजारच्या शेतात जाते. दशांश असो की सेकंद, डेटमचा रकाना नसेल तर नोंद अर्धवटच.

मार्कंडेयकाठ:
डेटमचा रकाना आणि मूळ आकड्याचा रकाना, दोन्ही मान्य. मूळ रकाना मजकूर म्हणून ठेवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. काम मात्र दशांशावरच. शिवाय दशांशाला मर्यादा घालून तपासता येतं. बेळगाव जिल्हा अक्षांश १५ ते १७ आणि रेखांश ७४ ते ७५.५ मध्ये बसतो. एक्सेलच्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये हे टाका. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल लगेच पकडली जाते, नाहीतर बेळगावची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या पश्चिमेच्या समुद्रात जाते. गूगल मॅप्समध्ये अक्षांश आधी, क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश, केएमएल आणि जिओजेसन या नकाशाच्या फाइलींमध्येही रेखांश आधी. म्हणूनच रकाने वेगळे हवेत, स्वल्पविरामाने जोडलेली जोडी नको.

मोजणीदार:
तुमच्या मर्यादेतून सगळ्यात वाईट चूक निसटते बघा. १५°५०.९८२' आणि ७४°२९.८६२' हे दशांश मिनिटांतले आकडे कुणी १५.५०९८२, ७४.२९८६२ असे टंकले, तर दोन्ही मर्यादेत बसतात. बिंदू मात्र चाळीसहून जास्त किलोमीटर नैर्ऋत्येला, गोव्याच्या हद्दीलगतच्या घाटात. यूटीएममध्ये असा गैरसमज होऊच शकत नाही.

मार्कंडेयकाठ:
खरं आहे, मर्यादेतून ती निसटते. ती पकडायची खूण वेगळी आहे. मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत, म्हणून अशा चुकीच्या यादीत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ६० ते ९९ नसतात. बेळगाव शहराच्या खऱ्या यादीत अक्षांश .८ नं सुरू व्हायला हवा, रेखांश .४ किंवा .५ नं. जिल्हाभरच्या दोनशे नोंदींत एकही .६०, .७५, .९ दिसला नाही, तर समजा ती मिनिटं आहेत.

खानापूरकर:
ही खूण यादीला लागू पडते, एकट्या बिंदूला नाही. एकट्यासाठी गावाचं नाव जवळ असू द्या आणि नकाशावर बिंदू त्या गावात पडतो का ते डोळ्यांनी बघा.

मोजणीदार:
ठीक. विहिरी-तळ्यांसाठी दशांशाची वही ठेवा. हद्दीच्या दगडांसाठी मी यूटीएमवरच ठाम आहे. तिथं आरटीके यंत्र (स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेणारं जीपीएस) लावलं तर सेंटिमीटरची अचूकता येते आणि दशांश अंशात तेवढी टिकवायला सात स्थळं लागतात. तुमच्या पाच स्थळांच्या नियमानं दगड अर्धा मीटर सरकू शकतो. एवढ्यात बांध शेजाऱ्याचा होतो.