अनुभव धागा : सडा, खाजण, पुळण – कोकणातल्या ‘रिकाम्या’ जागा

आमराई, माडबागा आणि भातशेती यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेला कातळ, भरतीचे पाणी चढणारी खाजणे आणि वाळूची पुळण यांच्याकडे थांबून पाहणारे थोडेच. अशा जागांच्या शेजारी ज्यांचा वावर आहे, त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले येथे लिहावे, ही विनंती.

शेतकरी, राजापूर तालुका

आमच्या गावाचा बराचसा भाग सडाच, म्हणजे उघड्या कातळाचे सपाट पठार, आहे. दमट उष्मा आणि धो धो पाऊस यांनी लाखो वर्षे मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली व लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे ठेवली, त्यातून हा तांबडा, सच्छिद्र जांभा घडला. मे महिन्यात त्यावर अनवाणी उभे राहवत नाही, आणि तरीही त्याच उघड्या कातळावर टिटवी अंडी घालते. मृगाच्या सरी येऊन गेल्या की फटींतल्या मुठभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. ही वनस्पती कोकणपट्टीच्या बाहेर शोधून सापडायची नाही. श्रावणानंतर पाणथळ खळग्यांच्या कडेने गेंद आणि निळी सीतेची आसवे दाटतात. यांपैकी सीतेची आसवे दिसायला नाजूक असली, तरी सड्यावरच्या उथळ मातीत नत्र अपुरे पडत असल्यामुळे ती ओल्या मातीतल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपली गरज भागवते.

पाण्याचे म्हणाल, तर पाऊस जांभ्यातून खाली झिरपतो, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडतो आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. आमच्या वाडीची विहीर त्या झऱ्यावर आहे. बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून सड्यावर पाहुणे येऊ लागले. ते शिल्पाभोवती उभे राहून छायाचित्रे काढतात आणि पायाखालची फुले तुडवतात, हे मात्र खटकते.

चिरेखाणीवर काम केलेले एक गृहस्थ, रत्नागिरी जिल्हा

वरील लेखन पटले. तरी ज्या घरात बसून आपण हे वाचतो, त्याच्या भिंती याच जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे. खाण नकोच असे मी म्हणणार नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला ती असू नये, एवढेच माझे मत आहे.

गृहिणी, देवबाग (मालवण)

कर्ली नदी समुद्राशी येऊनही लगेच त्याला मिळत नाही; काही अंतर ती किनाऱ्याला समांतर वाहते आणि दोहोंच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आमचे गाव वसले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दोन्ही बाजूंचे पाणी चढते, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत ते फारसे हलत नाही. खाडीच्या अंगाला तिवर आणि चिपी या कांदळवनातल्या झाडांची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात. ओहोटीला तेथे निवटे, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत बिळापाशी उभे राहतात. पहाटे कधीतरी उदांचा (पाणमांजरांचा) कळप मासे खाताना दिसतो.

गोव्यातून, तिसवाडी

आमच्याकडे खाजण रिकामे नसतेच. बांध घालून खाडीचे पाणी अडवायचे आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, झडपेवर सोपवायचे : भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते. पावसाळ्यात खार सोसणारा कोरगुट भात, नंतर मासळी. बांधाची डागडुजी मात्र एकट्यादुकट्याचे काम नाही. तो फुटला की शेतात खारे पाणी शिरते, आणि पडून राहिलेल्या खाजणात काही वर्षांतच तिवर माजतात. मग शेती परत मिळवायची की कांदळवन राखायचे, यावर गावात वाद झालेला मी ऐकला आहे, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे वाटते.

कासवमित्र, मंडणगड तालुका

वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते. येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह घरटी राखायला सुरुवात केली, त्याआधी अंडी सर्रास उकरली जात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. ती नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते आणि गरम वाळूत माद्यांचे प्रमाण वाढते, म्हणून घरट्याची जागा आणि खोली आम्ही काळजीपूर्वक पाहतो. धूप रोखण्यासाठी जेथे दगडांचा बंधारा उभा राहतो, तेथे मादीला वर चढायला वाट उरत नाही. देवबागच्या ताईंना विचारावेसे वाटते : आपल्याकडे समुद्राच्या बाजूला बंधारा झाल्यानंतर कासवे येतात का?