मदत हवी आहे: पहिलं बाळंतपण, परळचं हॉस्पिटल आणि ऐन जुलै. बॅग कशी भरू?

नमस्कार मंडळी,

मला चौतिसावा आठवडा लागलाय. डॉक्टरांनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. आम्ही भांडुपला राहतो आणि नाव परळच्या एका हॉस्पिटलात घातलंय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेर संगमेश्वरच्या पुढे आत गावात आहे. त्यात माझा रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. त्यामुळे सगळ्यांनी मिळून इथेच करायचं ठरवलं. आई पुढच्या आठवड्यात येतेय.

बॅगेच्या याद्या खूप वाचल्या, पण त्या वाचून माझ्या अडचणी सुटत नाहीत. आम्ही जनरल वॉर्ड घेतलाय. तिथे रात्री सोबतीला एकच बाई थांबू शकते, पुरुषांना वर सोडत नाहीत. म्हणजे नवरा खाली आणि वर मी नि आई. आई खमकी आहे, गावातली किती बाळंतपणं तिने निभावलीत. पण मुंबईचं हॉस्पिटल तिला नवीन आणि इंग्रजीतले रिपोर्ट तिला वाचता येत नाहीत. मी कळांमध्ये असताना सिस्टरने काही मागितलं, तर ते आईला चटकन सापडायला हवं. बॅग मी भरणार, पण उघडणार आई, असं धरून सांगा.

दुसरं म्हणजे पाऊस. भांडुप ते परळ म्हणजे वाटेत शीव, गांधी मार्केट आणि पुढे हिंदमाता. जोराचा पाऊस झाला की रस्ता बंद, आणि कुर्ला-शीव रुळांवर पाणी आलं की गाड्याही बंद. माझी मावशी लालबागला राहते, वेळ पडली तर तिच्याकडे जाता येईल.

तिसरं, बाळाचे कपडे. सासूबाईंचं म्हणणं, बाळ हातात येईपर्यंत नवीन काही आणायचं नाही. मला त्यांचं मन मोडायचं नाही. त्यांच्या घरात एक मूल गेलेलं आहे, त्यामुळे त्या असं का म्हणतात ते मला समजतं. मग बॅगेत काय भरू?

आणि एक. माझं आधार कार्ड माहेरच्या नावाने आहे, हॉस्पिटलची फाइल सासरच्या नावाने निघाली आहे. याने पुढे काही अडेल का?

दोन मुलींची आई

अगं, अभिनंदन! आधी एक कर, एकच मोठी बॅग भरू नकोस. दोन कर. एक छोटी, प्रसूती होईपर्यंतची. दुसरी, बाळ झाल्यावर वॉर्डात लागणारी. दुसरी बॅग आत्ताच लालबागला मावशीकडे नेऊन ठेव. निघताना हातात छोटी बॅग आणि फाइल एवढंच. माझ्या धाकटीच्या वेळी आम्ही हेच केलं होतं. भर पावसात गुडघाभर पाण्यातून चालत गेलो, पण हातात ओझं नव्हतं. पालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. तुझ्या तारखेच्या आसपासचे दिवस बघून कॅलेंडरवर खूण करून ठेव. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबतं. त्या दिवसांत आधीच मावशीकडे जाऊन राहिलीस तरी बिघडत नाही.

कपड्यांचं म्हणशील तर वापरलेले कपडे नव्यापेक्षा बरे. चुलत-मावस भावंडांच्या मुलांची झबली, टोपडी मागून घे. धुऊन धुऊन मऊ झालेली असतात. सासूबाईंचं मनही राहील. दुपटी आईच्या जुन्या सुती साडीची. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, म्हणून घडी घालायच्या आधी सगळं इस्त्री करून पूर्ण कोरडं कर आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांध.

प्रसूतिकक्षातली सिस्टर

ताई, तुमचा प्रश्न फार आवडला. बॅग उघडणार कोण, हा विचार फार थोडे लोक करतात.

दारात काय होतं ते सांगते. बाळ झालं की आमच्या आयाबाई बाहेर येऊन हाक मारतात, "बाळाचे कपडे द्या!" तेव्हा आजी भली मोठी बॅग जमिनीवर उपडी करतात. गाऊन, लाडवाचा डबा, चार्जर सगळं बाहेर येतं आणि टोपडं तळाशी. म्हणून छोट्या बॅगेत सगळ्यात वर एक वेगळी पारदर्शक पिशवी ठेवा. त्यात दोन दुपटी, एक जाड पांघरायला, झबलं, टोपडं, लंगोट किंवा दोन डायपर. बाकी काही नको. आईंना आधीच दाखवून ठेवा की मागितलं की ही पिशवी उघडायची नाही, तशीच हातात द्यायची.

दुसरी पिशवी तुमची. पुढून बटणं असलेला सुती गाऊन, मोठे मॅटर्निटी पॅड, सैल चड्ड्या, न घसरणाऱ्या रबरी चपला, केस बांधायला रबर, पाण्याची बाटली. पॅड आमच्याकडे सगळ्यात जास्त कमी पडतात. पहिले दोन दिवस ते दर काही तासांनी बदलावे लागतात, दोन पाकिटं तरी ठेवाच. चड्डी कमरेच्या वर येणारी घ्या. सिझेरियन झालं तर खालच्या कमरेचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर घासतं. नखांना रंग नको, बोटाला लावायच्या यंत्राला त्याने अडथळा येतो. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी सगळं घरी ठेवा. ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायच्या वेळी सुजलेल्या बोटातून अंगठी काढणं फार त्रासाचं होतं.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्तगट. फाइलच्या वरच्या पानावर लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहा: "आई बी निगेटिव्ह". बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तुम्हाला अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) ७२ तासांच्या आत मिळायला हवं. सहसा आम्हीच बघतो. पण ड्यूट्या बदलतात, म्हणून आईंना एक वाक्य मराठीतच पाठ करून द्या: "बाळाचा रक्तगट कळला का, हिला अँटी-डी द्यायचंय का?" अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन दिलं असेल तर त्याचीही नोंद फाइलमध्ये वर हवी.

फाइलमध्ये बाकी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, कावीळ बी, थायरॉईडचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे, सगळ्यात नवा वर. आईंना इंग्रजी वाचता येत नाही म्हणालात, तर प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात मराठीत चिठ्ठी चिकटवा. सोपं काम आहे आणि रात्री फार उपयोगी पडतं.

नोंदणीचा माणूस

नावाचा प्रश्न अगदी वेळेवर विचारलात. हे आत्ताच दुरुस्त करून घ्या. हॉस्पिटल जी माहिती पाठवतं त्यावरूनच पालिकेच्या वॉर्डात जन्माची नोंद होते. फाइलवर एक नाव, आधारवर दुसरं, मग दाखल्यावर तिसरंच काही येतं आणि दुरुस्तीला खेटे घालावे लागतात. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर आधार दाखवून फाइलवरचं नाव बदलून घ्या. विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत न्या.

प्रसूतीनंतर एक फॉर्म भरायला देतात. तो बहुतेक वेळा घाईत, जो कुणी हजर असेल तो भरतो. म्हणून एका कागदावर तुम्हा दोघांची नावं मराठीत आणि इंग्रजीत, आधारवर आहेत त्याच स्पेलिंगने, पत्त्यासकट लिहून फाइलला टाचून ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. बाळाचं नाव तेव्हा ठरलेलं नसलं तरी हरकत नाही, ते वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. पण आई-वडिलांची नावं पहिल्याच वेळी बरोबर हवीत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो. शिवाय आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलंय. तुमचं नाव तिथे कायमचं येणार आहे, ते नीट लिहिलं जायलाच हवं.

मेडिक्लेम असेल तर कार्ड, पॉलिसीची प्रत, दोघांचं आधार आणि पॅन नवऱ्याकडे असू द्या, तुमच्या बॅगेत नको. ते काम खालच्या काउंटरवरचं आहे आणि नवरा खालीच असणार. थोडी रोख रक्कमही त्याच्याचकडे.

भांडुपची मी (मूळ प्रश्न माझाच)

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुम्ही पारदर्शक पिशवीचं सांगितलंत ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच कपाटातून नवऱ्याचं लहानपणचं कुंचडं काढून दिलं. नवीन नाही म्हणून चालेल म्हणाल्या!

अजून दोन गोष्टी. आई सोबत मध आणि सोन्याचं वळं आणणार आहे, बाळाला चाटवायला. आणि दूध लगेच आलं नाही तर म्हणून पावडरचा डबा आणि बाटली बॅगेत ठेवावी का?

प्रसूतिकक्षातली सिस्टर

मध नको, ताई. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यात कधी कधी असे जंतू असतात की तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आईंना हे आत्ता घरीच शांतपणे सांगा, वॉर्डात नको. वळं आणू देत, बारशाला घालता येईल.

डबा आणि बाटलीही नको. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तो थोडाच असतो आणि नव्या बाळाला तो पुरतो. पहिल्या तासातच बाळाला छातीशी द्या, सिझेरियन झालं तरी सिस्टरला सांगून लवकरात लवकर. जमलं नाही तर आम्ही हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजायला शिकवतो. तेवढ्यासाठी स्टीलची एक छोटी वाटी आणि चमचा ठेवा, उकळून घेतलेला. बाळ दिवस भरण्याआधी झालं किंवा आजारी असलं तर डॉक्टर मातृदुग्ध पेढीचं दूध सुचवू शकतात. शीवच्या पालिका रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे, आशियातली पहिली.

परळचा शेजारी

पावसात टॅक्सीवाले परळला यायला कुरकुरतात. अडलंच तर १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत असते. नवऱ्यासाठी वेगळी पिशवी हवी: चादर, छत्री, पॉवर बँक, कोरडे कपडे, बिस्किटं. वॉर्डाबाहेर प्लग मिळेलच असं नाही. आईंचा फोन साधा असला तरी पूर्ण चार्ज करून द्या आणि नवऱ्याचा नंबर पहिल्या बटणावर लावून द्या.

दोन मुलींची आई

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू दुसऱ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. वॉर्डात मुंग्या होतात. सिझेरियन झालं तर डॉक्टरांनी खायला सांगेपर्यंत तो डबा उघडायचा नाही, आईला आग्रह आवरायला सांग! थर्मास मात्र ने, रात्री गरम पाण्यासाठी खाली-वर करावं लागत नाही.

प्रसूतिकक्षातली सिस्टर

एवढं राहिलंच होतं. अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं फार दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर कळांची वाट बघू नका, लगेच निघा. तुम्ही निगेटिव्ह असल्यामुळे थोडं रक्त दिसलं तरी फोनवर विचारत बसू नका. पहिल्या वेळी कळा बराच वेळ चालतात, पण पाऊस असेल तर मोजत बसायचं नाही, मावशीकडे पोचायचं.

भांडुपची मी

सोमवारी तपासणी आहे, फाइलवरचं नाव तेव्हाच बदलून घेते. अँटी-डीचं वाक्य आईला फोनवर सांगितलं, तिने दोनदा म्हणून दाखवलं. मधाचं ऐकून आधी गप्प झाली, मग म्हणाली, सिस्टर सांगतेय तर नको. दुसरी बॅग रविवारी लालबागला जाईल. तारखेच्या आसपास भरतीचे दिवस कोणते, ते कुणाला माहीत असेल तर इथेच टाका.