फाइल कुणी पुसली हे हवं असेल तर

निपाणीकडच्या एका पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवरून कर्जाच्या फायली गायब होतात, त्या कुणी पुसल्या ते कसं शोधायचं, असा प्रश्न आहे. त्यावर आधीच्या एका उत्तरात आयनोटिफाय (inotify, फायलींतले बदल कळवणारी लिनक्सची सोय) सुचवलंय. त्यातून फाइल कधी पुसली ते कळतं, कुणी पुसली ते नाही. ऑडिट-डी (auditd, कुणी काय केलं याची नोंद ठेवणारा लिनक्सचा प्रोग्राम) बसवा. त्याचा नजर ठेवण्याचा नियम कर्जाच्या फायलींच्या फोल्डरवरच, फक्त लेखन आणि गुणधर्म-बदलासाठी ठेवा. वाचनही नोंदवलंत तर लॉग (नोंदींची फाइल) फुगतो, आणि मूळ सेटिंगमध्ये ८ एमबीच्या ५ लॉग-फायली भरल्या की सर्वांत जुनी जाते. नियम ऑडिट-डीच्या रूल्स-डी (rules.d) फोल्डरात लिहा. नुसता कमांडने दिलेला रीबूटनंतर उडतो.

आपल्या भागात माणसं नावांपाशी अडतात. फायलींची मराठी-कन्नड नावं लॉगमध्ये हेक्समध्ये (अंक आणि A ते F या अक्षरांच्या सांकेतिक रूपात) पडतात: देवनागरी अक्षर ‘ई०ए४’ने (E0A4), कन्नड ‘ई०बी२’ने (E0B2) सुरू होतं. लॉग बिघडलाय असं समजून पुसू नका! ऑडिट-सर्चला (ausearch, लॉगमध्ये शोधायची कमांड) ‘आय’ (-i) पर्याय दिला की नाव सरळ वाचता येतं.

काउंटरवरच्या विंडोज मशीनवरून सांबामार्गे (विंडोजला लिनक्सवरच्या फायली उघडून देणारा प्रोग्राम) फाइल पुसली असेल तर लॉगिन-ओळख ‘अनसेट’ (म्हणजे कुणाचीच नाही) दिसते. तिथं सांबाचं फुल-ऑडिट (full_audit) हे नोंदी ठेवणारं मॉड्यूल जोडा. सांबाच्या नव्या आवृत्तीत पुसण्याच्या क्रियेचं नाव ‘अनलिंक’ (unlink) नसून ‘अनलिंकॅट’ (unlinkat) आहे. जुनं ठेवलं तर शेअरच (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) उघडत नाही.