जुन्या सिमेंट रस्त्यावर डांबराचा थर द्यावा, की खराब पॅनेल काढून नवीन भरावेत?

प्रश्न (औसा तालुका)

सप्रेम नमस्कार. आमच्या गावाजवळून जाणारा सिमेंटचा महामार्ग आता जुना झाला असून, उसाच्या भरलेल्या गाड्या ज्या मार्गिकेतून कारखान्याकडे जातात तिथल्या बऱ्याच पॅनेलना, म्हणजे दोन सांध्यांमधल्या काँक्रीटच्या लाद्यांना, आडव्या भेगा पडल्या आहेत. सांध्यावर पुढचे पॅनेल मागच्यापेक्षा बोटभर खाली बसले आहे. गेल्या जुलैत मी मुद्दाम थांबून पाहिले. पाऊस उघडून तास झाला होता आणि रस्ता वरून वाळलाही होता, तरी भरलेला ट्रक गेला की सांध्यातून काळे गढूळ पाणी पिचकारीसारखे उडत होते व साईडपट्टीवर गाळ साचत होता. शिवाय पहाटे गाड्यांचा दणका दुपारपेक्षा मोठा ऐकू येतो. आता वरून डांबराचा थर टाकून देतो, असे गुत्तेदाराची माणसे सांगतात. एवढ्याने भागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त शाखा अभियंता, नांदेड)

आपण पाहिलेले ते काळे पाणी हाच या रस्त्याचा खरा आजार आहे. उघड्या पडलेल्या सांध्यातून पाणी खाली मुरते, जड चाक आले की पॅनेलचे टोक दबते आणि ते पाणी खालची बारीक माती बरोबर घेऊन जोराने बाहेर पडते. असे हजारो वेळा झाले की टोकाखाली पोकळी तयार होते आणि आधार गेलेले पॅनेल तडकते. गाळ राखाडी असता तर खालचा कोरड्या काँक्रीटचा थर झिजतो आहे असे मी म्हटले असते. तो काळा आहे, म्हणजे बहुधा आपली काळी मातीच वर येत आहे, आणि ही माती उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पहाटेच्या दणक्याचे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. रात्री पॅनेलचा वरचा भाग आधी थंड होऊन आकसतो, त्यामुळे कडा व कोपरे किंचित वर उचलले जातात आणि खालची पोकळी वाढते. दुपारी वरचा भाग तापला की तेच कोपरे पुन्हा टेकतात. म्हणून हातोडीने ठोकून पोकळ आवाज शोधायचा असेल तर तो पहाटेच शोधावा.

आता डांबराविषयी. हलणाऱ्या पॅनेलवर डांबर अंथरले तर खालचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक भेग वरच्या थरावर रेघ होऊन उमटते आणि त्याच रेघेतून पाणी पुन्हा आत जाते. थर द्यायचाच असेल तर आधी पोकळ्यांत ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरून पॅनेल स्थिर करावेत, पूर्ण तडकलेले पॅनेल काढून नवीन भरावेत आणि मगच थराचा विचार करावा. जिथे पॅनेल शाबूत आहेत आणि फक्त पायरी पडली आहे, तिथे ग्राउटनंतर हिऱ्याच्या पात्यांच्या यंत्राने पृष्ठभाग घासून सपाट करता येतो. त्याला डांबराची गरजच नाही. भारतीय रस्ते काँग्रेसची सिमेंट रस्त्यांच्या दुरुस्तीवरील मार्गदर्शिका, आयआरसी एसपी ८३, उपलब्ध आहे. काम कोणत्या पद्धतीने होणार, हे तिच्या आधारे लेखी विचारावे.

उत्तर २ (साईट सुपरवायझर, जालना)

काकांनी सांगितले ते योग्यच आहे. मी फक्त हाताखालून गेलेल्या कामाचे सांगतो. एका ठिकाणी आमच्याकडून खराब पॅनेल थेट ब्रेकरने फोडले गेले, तेव्हा शेजारच्या चांगल्या पॅनेलची खालची कड तुटली आणि पुढच्या पावसाळ्यात तेही गेले. आधी पूर्ण जाडीत करवतीने कापून तुकडा उचलून काढणे, हीच बरोबर रीत आहे. त्यानंतर जुन्या काँक्रीटच्या मध्यभागी आडवी भोके पाडून त्यांत गुळगुळीत डॉवेल गज (शेजारच्या दोन पॅनेलना जोडणाऱ्या लोखंडी सळ्या) इपॉक्सी या घट्ट चिकटणाऱ्या रसायनाने बसवतात. ते सरळ रेषेत व रस्त्याला समांतर नसतील तर पॅनेलला तापमानाप्रमाणे सरकता येत नाही, आणि नवीन काँक्रीट तिथेच तडकते. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी काँक्रीट ओतू देऊ नका, आणि ओल्या गोणपाटाखाली ते पुरेसे दिवस राहते की नाही, हे रोज जाऊन पाहा.

उत्तर ३ (शेतकरी, अंबाजोगाई)

आमच्याकडे थरावर थर चढून रस्ता दारापेक्षा उंच झाला. साईडपट्टी मात्र खालीच राहिली, त्यामुळे दुचाकी बाजूला घेताना माणसे पडतात आणि पावसाचे पाणी घरात येते. दुसरे असे, की रस्त्यालगत ऊस असलेल्या आम्हा लोकांच्या पाटाचे पाणी साईडच्या नालीत तुंबते आणि रस्त्याच्या कडेखाली मुरते. नाली उपसायला लावा, तशी आमची पाळी देण्याची पद्धतही आम्हाला बदलावी लागेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. नाली आमच्याच शिवारात दोन ठिकाणी बुजलेली आहे, हे मी आज जाऊन पाहिले. उद्या पहाटे गावातील चार मुलांना घेऊन सांधे ठोकून पाहतो, पोकळ आवाजाच्या पॅनेलवर चुन्याने खूण करतो आणि त्यांची यादी जोडून कार्यालयाकडे अर्ज देतो.