जुन्या गाडीचा न विझणारा दिवा: तुमचे अनुभव

काल भाचीच्या गाडीत बसले आणि मीटरमधला तो पिवळा इंजिनाचा दिवा दिसला. बाबांची जुनी गाडीच आठवली. तिचा दिवा दोन वर्षं जळत होता. स्कॅनरवर बिघाडाचा कोड यायचा पी०४२०. स्कॅनरने पुसला की चार दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. मेकॅनिक म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर साफ करणारा डबा) गेला, बदला. बाबांनी आधी त्याच्या मागचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला, पैसे पाण्यात. मग एका सकाळी थंड इंजिन चालू करून, बॉनेट उघडून कान लावून उभे राहिले. फट् फट् फट्. एक्झॉस्टच्या जोडावर काजळीचा बोटभर पट्टा! गॅस्केट फाटलेलं, तिथून बाहेरची हवा आत शिरायची. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. तुमच्याकडे काय झालं? लिहा.

---

कोडच चारसोबीस, विश्वास कसा ठेवायचा हाहाहा

---

पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा आधी. बाळ उठलं, नंतर लिहिते.

---

एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा. चाकाजवळचा सेन्सर काढला तर टोकाला लोखंडाचा कीस, मिशीसारखा. जुन्या टूथब्रशने साफ केला, दिवा गेला. दोन महिन्यांनी परत. चाक धरून हलवलं तर खुळखुळ, बेअरिंगच गेलेलं. सेन्सरला दोन महिने उगाच शिव्या घातल्या.

---

माझ्या गुडघ्यात सेन्सर आहे, जिना दिसला की दिवा लागतो. त्यावर कोणी कोड सांगा.

---

@गुडघा, वजन कमी करा. (स्वानुभव नाही.)

---

आमच्याकडे तीन दिवे एकदम लागले. तीन सेन्सर एकाच दिवशी मरतात होय? बॅटरी म्हातारी झाली होती, स्टार्टर मारताना व्होल्टेज पार खाली. बॅटरी बदलली, तिन्ही गायब.

---

एअरबॅगचा दिवा सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमुळे लागला होता, छत्री सरकवताना ढिला झालेला. पण तिथे मल्टीमीटर खुपसू नका हां, एअरबॅग फुटू शकते. ते जाणकाराकडेच.

---

आले. झाकण घट्ट केलं तरी दिवा लगेच जात नाही, काही दिवस गाडी चालवावी लागते. मला हे माहीत नव्हतं, म्हणून दोन झाकणं आणली. एक अजून कपाटात आहे.

---

सगळे हसताय म्हणून सांगतो, इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्या. मिसफायर असतो, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. मी तसाच घरी आलो. मग खरोखरच कन्व्हर्टर बदलला.

---

ताई, बाबांच्या गाडीचं पुढे काय झालं?

---

विकली. आठवड्याभरात घेणाऱ्याचा फोन, दिवा लागलाय. बाबा म्हणाले, पेट्रोल भरलंत ना नुकतंच? झाकण बघा.