नुसता नंबर नको, सुईचं टोकही विचारा
सिझरसाठी पाठीत भूल देतात ती सुई जितकी बारीक तितकी नंतरची डोकेदुखी कमी, म्हणून २५ ऐवजी २७ नंबरची (नंबर मोठा तितकी सुई बारीक) मागा, असं या चर्चेत वर दोघींनी लिहिलंय. खरं आहे, पण अर्धंच. टोकाचा आकारही तितकाच महत्त्वाचा. क्विंकी सुईचं टोक तिरकं, धारदार असतं. व्हिटेकर किंवा स्प्रॉट सुईचं टोक पेन्सिलीसारखं आणि भोक बाजूला. अशा सुईने मणक्यातलं पाणी कमी झिरपतं आणि डोकेदुखीचं प्रमाण बरंच उतरतं.

माझ्या पहिल्या सिझरला धारदार टोकाचीच सुई होती. सांगितल्याप्रमाणे २४ तास उशी न घेता पडून राहिले, तरी दुसऱ्या दिवशी व्हायचं ते झालंच. (नुसतं पडून राहून ही डोकेदुखी टळत नाही, हे नंतर कळलं.) बाळाला पाजायला उठून बसले की मानेपासून कपाळापर्यंत कळ, आडवी झाले की थांबायची. दादरला माहेरी आईने वारा लागला म्हणून कानाला फडकं बांधलं. पाचव्या दिवशी ते झिरपणं थांबावं म्हणून माझ्याच दंडातलं वीसेक मिली रक्त काढून पाठीत सोडलं, ब्लड पॅच म्हणतात त्याला, आणि त्याच संध्याकाळी मी बसून लेकीला पाजलं. दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी भेटायला आले तेव्हाच पेन्सिल पॉइंट सुई मागून घेतली. थोडी महाग पडली, पण डोकं दुखलं नाही. मात्र बाळंतपणानंतर डोकेदुखीसोबत ताप, झटके किंवा अंधुक दिसणं असेल तर ते सुईवर ढकलू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.