शब्दचर्चा : गेंड्याच्या शिंगाचे चिनी पेले, ‘तर्पणपात्र’ की आणखी काही?

प्रश्न : चिनी कलावस्तूंवरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळातल्या, गेंड्याच्या शिंगातून कोरलेल्या पेल्यांना इंग्रजीत सर्रास ‘लिबेशन कप’ म्हणतात. मी ‘तर्पणपात्र’ लिहिलं, पण खटकतंय. ‘शृंगपात्र’ किंवा ‘चषक’ चालेल का?

उत्तर : खटकतंय ते योग्यच. ‘लिबेशन’ हे पाश्चात्त्य संग्राहकांनी चिकटवलेलं नाव. काही पेल्यांचा घाट प्राचीन कांस्यपात्रांवरून घेतलाय आणि ती पात्रं पितरांना मद्य अर्पण करायला वापरत, एवढाच धागा. हे पेले मात्र बहुतेक रसिक धनिकांच्या आणि विद्वान अधिकाऱ्यांच्या संग्रहासाठी, भेट द्यायला घडवलेले. शिवाय ‘तर्पणपात्र’ म्हटलं की मराठी वाचक आपल्या श्राद्धाकडे वळणार. संस्कृतात ‘खड्ग’ म्हणजे तलवार तसा गेंडाही, आणि श्राद्धविधीतलं ‘खड्गपात्र’ म्हणजे गेंड्याच्या शिंगाचंच भांडं. ती परंपरा वेगळी, ही वेगळी.

‘चषक’ मूळ अर्थाने बरोबर आहे, पण आज त्या शब्दाने क्रिकेटच डोळ्यांपुढे येतं. मी सरळ ‘पेला’ म्हणेन. चिनी शब्दही ‘शीज्याओ पेइ’, म्हणजे गेंड्याच्या शिंगाचा पेला. सतराव्या शतकात वूशी गावचा यौ थुंग या कामात इतका नावाजलेला होता की लोक त्याला ‘यौ शीपेइ’, म्हणजे ‘पेलेवाला यौ’च म्हणत.

आणखी एक : ‘शृंगपात्र’ ठेवायचं तर खुलासा हवाच. गाईम्हशीच्या शिंगात हाड असतं. ते काढलं की पोकळ नळा उरतो. गेंड्याच्या शिंगात हाड नाही. नखाकेसांत असतं तेच केराटिन, तंतू घट्ट चिकटून भरीव झालेलं. फक्त बुडाशी, नाकाच्या हाडावर बसतं तिथे खळगा. कारागीर शिंग उलटं धरत. रुंद बूड होई पेल्याचं तोंड, टोक कापलेला निमुळता भाग होई पाय. म्हणून हे पेले वर पसरट, खाली आवळलेले, जरा कललेले. आतला खळगा खोल करत न्यायचा, बाहेरून डोंगरकडे, पाइनच्या फांद्या, नावेतले पंडित उठावाने काढायचे. मुठीच्या जागी झाडाचं वळलेलं खोड, किंवा काठावर चढणारे, शिंगं नसलेले ड्रॅगन. एक चूक तिथेच ती वस्तू संपवी, कारण माल मोजका आणि जोड देता येत नसे. काही पेल्यांत टोक कापतच नसत. ऊब देऊन वाकवत आणि त्याचा कमळाचा देठ होई. माझ्या मते सगळ्यांत देखणे तेच.

पेल्यांवर जिथे शिंग आरपार कोरलेलं असतं, त्या कामाला ‘जाळीकाम’ लिहू नका. जाळी म्हटली की ठरावीक नक्षी पुन्हापुन्हा आलेली वाटते. ‘आरपार कोरलेलं’ पुरे.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. ‘गेंड्याच्या शिंगाचा कोरीव पेला’ हेच ठेवते. लेखात ‘विषनाशक’ असा शब्द आहे, तो?

उत्तर : तो तसा नको. ‘विष ओळखतं अशी समजूत’ लिहा. ही समजूत चौथ्या शतकातल्या क होंग या चिनी ताओवादी विद्वानाच्या लिखाणातही सापडते, आणि पिण्याच्या भांड्यासाठी हेच शिंग का निवडलं तेही त्यातून कळतं. पण नुसतं ‘विषनाशक’ लिहिलं तर तो गुणधर्मच ठरतो. अशाच समजुतींपायी गेंडे मारले गेले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून बंदी आहे, चीनने स्वतः १९९३ मध्ये घातली. लेख विक्रीबद्दल असेल तर हीही ओळ टाकाच.